शाळेतला माठ आणि माझी कोरड

गाडगं

माझे आईवडील सडकेवर खडी फोडायचे. देवगाव फाट्याकडं जाणाऱ्या ज्या डांबरी रस्त्यावर आज एसट्या पळतात, त्याच्या पोटातली खडी त्यांच्या हातची आहे. हे मी लाजून सांगत नाही. मी बी.ए., बी.एड. आहे, आमच्या सगळ्या भावकीत पहिली, आणि माझं शिक्षण त्या खडीवर झालं.

सडकेवर मजुरांसाठी पाण्याचं पिंप ठेवलेलं असायचं. आमच्या माणसांनी त्याला हात लावायचा नाही असा दंडक होता. म्हणून आबा, म्हणजे माझे वडील, घरून गाडग्यात पाणी न्यायचे. उन्हाळ्यात ते गाडगं दुपारच्या आत संपायचं. मग दिवस मावळेपर्यंत नुसतं ऊन आणि हातोडा. मी पोटात असताना माय एकदा तहानेनं चक्कर येऊन खडीच्या ढिगावर पडली. मुकादमानं पिंपातलं पाणी लांबून तिच्या तोंडावर मारलं. प्यायला दिलं नाही. ही गोष्ट मायनं मला इतक्या वेळा सांगितली आहे, की मला ती स्वतःला आठवते असं वाटतं.

मी जन्मले त्याच साली आमच्या लोकांनी धर्म बदलला. कोणी घरातले देव नदीत सोडले, कोणी देव्हारा मोडला. आमच्या खोपटात देव्हारा नव्हताच. आबांनी गाडगं फोडलं, आणि घराला एक नियम लावून दिला.

"ह्या घरचं माणूस आता आपलं पाणी बांधून हिंडणार न्हाई. जिथं काम, तिथलं पाणी."

या नियमापायी आबांनी दोनदा चालतं काम सोडलं. पिंपाला हात लावू देईनात म्हणून घरी आले आणि चूल पेटली नाही. मी शाळेत जाताना शेजारच्या पोरींच्या हातात पाण्याची बाटली असायची, माझ्या हातात नसायची. मला त्याचा अभिमान वाटायचा. पुढं जे झालं ते कळायला हे आधी सांगणं भाग होतं.

ओगराळं

एकोणऐंशीच्या जूनमध्ये मला सोनपेठजवळच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर नेमणूक मिळाली. त्याच्या आदल्या वर्षी विद्यापीठाच्या नामांतरावरून मराठवाड्यात जे व्हायचं ते झालं होतं. माझ्या चुलतमामाचं घर त्यात जळालं होतं. मी गावात उतरले तेव्हा माझं आडनाव माझ्या आधीच पोचलं होतं.

शिक्षकांच्या खोलीत एक काळा माठ, वर लाकडी झाकण, त्यावर पाणी काढायचं लांब दांड्याचं ओगराळं. पाणी काढून द्यायचं काम ज्ञानोबा शिपायाचं. पहिल्या दिवशी त्यानं सगळ्यांना पितळी पेल्यात पाणी दिलं आणि माझ्यासाठी खिडकीत एक काचेचा पेला भरून ठेवला. मी उठले, माठाचं झाकण बाजूला केलं, ओगराळं घेतलं आणि पितळी पेल्यात पाणी ओतून प्याले.

"ज्ञानोबा, तो काचेचा राहू द्या तिथंच. थोडं ऊन खाऊ द्या त्याला."

हेडमास्तरांनी हजेरीपटातून डोकं वर काढलं नाही. दुसऱ्या दिवशी काचेचा पेला दिसला नाही.

ही बातमी वस्तीवर गेली. आबांनी ती प्रत्येक लग्नात, प्रत्येक जयंतीला सांगितली. "माजी सुमन माठात हात घालून पेते. एकाची हिम्मत झाली न्हाई तिला इचारायची." ऐकणारे मान डोलवायचे. मीही जवळ असले तर खाली बघून हसायचे. मला फार बरं वाटायचं ते.

भाकर उतरेना

त्र्याऐंशीच्या सुमारास सुरू झालं. कधी सुरू झालं ते नेमकं सांगता येत नाही, कारण तहान लागणं हा कोणाला आजार वाटतो?

जेवताना भाकरीचा घास तोंडात फिरत राहायचा. चावून चावून त्याचा भुगा व्हायचा आणि तो टाळूला चिकटायचा. पाण्याचा घोट घेतला तरच खाली जायचा. मी भाकर वरणात कुस्करून खाऊ लागले. माहेरी गेले की माय बघायची. "कामून बाळंतिणीवानी काला खायलीस? भाकर वातड झाली का माजी?"

"न्हाई माय, आवडायलंय मला असं."

आबा जेवायला असले की मी नंतर बसायचे. त्यांच्यासमोर घासागणिक पाणी पिणं मला जड जायचं. का, ते तेव्हा मला सांगता आलं नसतं.

मग डोळे. सडकेवरची बारीक कच डोळ्यांत गेल्यासारखं सकाळपासून खुपायचं. फळ्यावर लिहिताना खडूची धूळ उडाली की डोळे उघडता यायचे नाहीत. मग दात. हिरड्यांपाशी काळे पडले आणि बिस्किटासारखे तुटू लागले. चार दात गेले तेव्हा माझं वय तीसच्या आत होतं. गावातल्या बायका म्हणाल्या, बाई मिसरी लावतेत. मी आयुष्यात मिसरीला बोट लावलेलं नाही. मग हाताची बोटं सुजली, सकाळी वेणी घालता येईना. एकदा कानाखाली दोन्हीकडून गाल इतके फुगले की तिसरीतली पोरं नाचायला लागली, "बाईला गालफुगी! बाईला गालफुगी! आता सुट्टी!"

मी दवाखाने केले. डोळ्यांच्या डॉक्टरनं डोळ्यांचं मलम दिलं. दातांच्या डॉक्टरनं दात काढले. सांध्यांना एकानं इंजेक्शनं दिली. एक म्हणाले, अंगात उष्णता आहे. एक म्हणाले, हे मनाचं आहे, मूलबाळ होऊ द्या. एकाही डॉक्टरला मी सगळं एकत्र सांगितलं नाही. डोळ्यांच्या डॉक्टरला भाकरीचं काय सांगायचं, असं वाटायचं.

नवरा परभणीत कारकून, शनिवारी यायचा. प्रकाश स्वभावानं शांत माणूस. पण कोरडेपणा फक्त तोंडाचा आणि डोळ्यांचा नसतो. लग्न झालेल्या बाईला यापुढं मी काय सांगू? त्याला वाटलं, माझं मन उडालं. तो काही शनिवारी यायचा बंद झाला. मी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. हे लिहायला मला संकोच वाटतो, पण ज्या बाईचं असं झालंय तिला कळावं की हेही त्या आजारातच येतं. तिचं मन उडालेलं नसतं.

माठाच्या चकरा

पंचेचाळीस मिनिटांचा तास. दहा मिनिटं बोललं की जीभ टाळूला चिकटायची आणि शब्द अर्ध्यातच थांबायचा. मी मुलांना उतारा लिहायला सांगायचे आणि शिक्षकांच्या खोलीत जाऊन माठातलं पाणी पिऊन यायचे. एका तासात चार वेळा, कधी पाच वेळा.

शहाण्या माणसानं काय केलं असतं? पाण्याचा तांब्या वर्गात नेऊन ठेवला असता. मी नाही ठेवला. माझं पाणी मी बांधून हिंडणार नाही, हे माझ्या हाडात होतं. त्यात माठ हा आता नुसता माठ राहिला नव्हता. आबांच्या तोंडून तो वस्तीवस्तीत पोचला होता. मी तांब्या घेऊन शाळेत शिरले असते तर पहिल्यांदा माझीच माणसं म्हणाली असती, बाईला माठ सोडायला लावला.

हेडमास्तरांना दुसरंच वाटत होतं. एक दिवस त्यांनी मला थांबवून घेतलं. वाईट माणूस नव्हते ते, भित्रे होते.

"बाई, एक विचारू? राग मानू नका. दर दहा मिनिटाला माठाकडं येऊन तुम्हाला दाखवायचंय तरी काय?"

"तहान लागते, सर."

"तहान आम्हालाही लागते. आता झालं ना सगळं मान्य? कोणी आडवलंय का तुम्हाला? गावात लोक बोलायलेत, बाई मुद्दाम करायली म्हणून. वर्ग मोकळा सोडून."

मी म्हणाले, "लोकांना बोलू द्या."

तिथंच मला सांगायला हवं होतं. सर, माझ्या तोंडाला लाळ सुटत नाही, मी आजारी आहे. पण त्या माणसासमोर आजारी म्हणवून घेणं मला हरल्यासारखं वाटलं. ताठ मानेनं चालत गेले. त्या ताठ मानेची किंमत पुढची दोन वर्षं माझ्या दातांनी आणि डोळ्यांनी मोजली.

आठवड्यानं खुलासा मागणारं पत्र आलं. वर्ग वारंवार सोडून जाण्याबाबत.

तपासणी

सत्त्याऐंशीत शाळेची तपासणी लागली. साहेब माझ्या वर्गात सातवीच्या इतिहासाला येऊन मागच्या बाकावर बसले. त्यांच्यासमोर वर्ग सोडून जाणं शक्य नव्हतं. पाच मिनिटं मी चांगली बोलले. मग जीभ लाकडासारखी झाली. मी एक शब्द उच्चारायला गेले, तो निघेना. ओठ दातांना चिकटले. वर्गातली चाळीस मुलं माझ्याकडं बघत होती. एक पोरगी पहिल्या बाकावरून हळूच म्हणाली, "बाई, पाणी आणू?"

मी मानेनंच नाही म्हणाले. का म्हणाले, ते मला आजही कळत नाही. खडू खाली ठेवला आणि उभी राहिले. साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि उठून गेले.

महिन्याभरात आदेश आला. बोलण्यात अडथळा, अध्यापनास अपात्र वाटते, सरकारी दवाखान्याचे प्रकृतीचे प्रमाणपत्र हजर करावे, अन्यथा अध्यापनाचे काम काढून घेण्यात येईल. मी तो कागद खोलीत बसून तीनदा वाचला. खडी फोडून शिकवलेली पोरगी, आणि तिच्या हातून वर्ग जाणार. त्या दिवशी मला रडावंसं वाटलं. मी बराच वेळ बसले. घशात हुंदका यायचा आणि तिथंच राहायचा. डोळे नुसते जळत होते.

टीपकागद

परभणीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी माझं तोंड बघितलं, बोटं बघितली आणि चिठ्ठी देऊन औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. प्रकाशनं रजा काढली. रेल्वेत तो माझ्या शेजारी बसला आणि पहिल्यांदा म्हणाला, "तुला झालंय तरी काय सुमन? आता तरी तोंडानं सांग." मी सगळं सांगितलं, तेही, जे शनिवारचं होतं. परभणी सोडल्यापासून औरंगाबाद येईपर्यंत सांगत होते. मध्ये मध्ये तो उतरून फलाटावरच्या नळाचं पाणी आणत होता.

तिथल्या डॉक्टर बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला तो असा, "शेवटचं कधी रडलात?"

मला वाटलं, पुन्हा मनाचं म्हणणार. मी म्हणाले, "मामाचं घर जळालं तेव्हा."

"त्यानंतर रडू आलंच नाही, की आलं आणि पाणी आलं नाही?"

हे मला कोणी विचारलं नव्हतं. मी स्वतःलाही विचारलं नव्हतं.

त्यांनी टीपकागदाची एक बोटभर पट्टी माझ्या खालच्या पापणीत अडकवली, दुसरी दुसऱ्या डोळ्यात, आणि घड्याळ लावलं. पाच मिनिटं. टीपकागद मला चांगला माहीत आहे, शाईचा एक थेंब पडला की कसा पसरत जातो ते. पाच मिनिटांनी पट्ट्या काढल्या. डॉक्टर बाईंनी त्या उजेडात धरल्या आणि मला दाखवल्या. टोकाशी जरा ओलसर, बाकी कोरड्या ठाक.

मग मला दाखल करून घेतलं, खालचा ओठ उलटा करून आतला जरासा तुकडा कापून घेतला. रक्त तपासलं. सहा दिवसांनी त्या खाटेपाशी खुर्ची ओढून बसल्या.

"शोग्रेनचा आजार म्हणतात याला. आपल्या शरीरात रोगाशी लढणारी जी माणसं असतात असं समजा, ती आपल्याच माणसांवर उठतात. लाळ करणाऱ्या, आसवं करणाऱ्या ग्रंथी मारून टाकतात."

मला हे समजायला वेळ लागला नाही. गावातल्याच माणसांनी गावातली घरं पेटवलेली मी बघितली होती.

"बरा कधी होईल?"

"बरा होत नाही. सांभाळायचा असतो."

हे त्यांनी सरळ सांगितलं, म्हणून मी त्यांची आभारी आहे. मग सोबत काय काय येतं तेही सांगितलं. सांध्यांचा वात असतोच बऱ्याच जणींना. गळ्यातली थायरॉईडची ग्रंथी मंदावते. पायांना मुंग्या येतात, आग होते. कोरडा खोकला धरतो. न संपणारा थकवा, ज्याला घरचे आळस म्हणतात. काही थोड्या जणींच्या मानेत, काखेत गाठी वाढतात, त्या वाईट निघू शकतात, म्हणून वरचेवर तपासायचं. त्या बोलत होत्या आणि मी मनात एकेकाला माझ्याकडं हजर, गैरहजर करत होते. निम्मे हजर होते.

सांध्यांसाठी हिवतापावरची गोळी दिली, ती यालाही लागू पडते म्हणाल्या, आणि डोळ्यांत घालायचे थेंब दिले. शेवटी म्हणाल्या, "आणि पाणी. एकदम पेलाभर नको. दर दोन-चार मिनिटाला एक घोट. बाटली सतत हाताशी. हे औषधच समजा."

मी म्हणाले, "बाटली नाही चालणार, बाई."

त्यांनी चष्म्यातून बघितलं. "का?"

काय सांगणार होते मी त्यांना? गाडग्यापासून सुरुवात करावी लागली असती.

दोन खाटांच्या मधे

वॉर्डात पहाटे नर्स थर्मामीटर घेऊन यायची, मग दूध-पाव, मग मोठ्या डॉक्टरांची फेरी. मागं पंधरा-वीस विद्यार्थी. "जीभ बाहेर काढा." सगळे वाकून बघायचे. आठ वर्षं मी फळ्यासमोर उभी होते, तिथं मी स्वतः फळा झाले होते.

शेजारच्या खाटेवर कौसाबाई होत्या, पाथरीकडच्या, भरल्या घरच्या शेतकरी कुटुंबातल्या, पन्नाशीच्या पुढच्या. बोटं वाकडी झालेली. संधिवात म्हणून आल्या होत्या. माझी तपासणी बघून त्यांनी मला विचारलं, "तुमाला बी भाकर जाईना का?"

"तुम्हाला जात नाही?"

"धा वर्सं झाली. सून म्हंती, सासूला रोज भात लागतो, लय चोचले हाईत. डोळ्यात तर कुसळं." मग पदर तोंडावर घेऊन हसल्या. "मालक मेले तवा मला रडू येईना. जाऊ म्हणली, बरं झालं वाटतं हिला."

दुसऱ्या दिवशी नर्सनं माझं आडनाव मोठ्यानं पुकारलं. कौसाबाई दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडल्या. मला याची सवय होती. सकाळी उठले तर त्यांचा पाण्याचा तांब्या दोन खाटांच्या मधल्या स्टुलावर होता, आजवर तो पलीकडच्या बाजूला असायचा.

"सारकं उठायला होत न्हाई मला," त्या माझ्याकडं न बघता म्हणाल्या. "तुमाला बी लागतंय. हितंच असू द्या."

डॉक्टर बाईंना मी विचारलं होतं, हा आजार लाखात एकीला होत असेल ना. त्या म्हणाल्या, "छे. बायकांमध्ये चांगलाच आढळतो. संधिवाताच्या रांगेत रोज बसलेल्या असतात. त्या गुडघे दाखवतात, तोंडाचं बोलत नाहीत. आणि आम्हीही विचारायचं विसरतो." घरी जायच्या दिवशी मी बाहेरच्या बाकावर बसलेल्या बायकांना विचारत गेले, "मावशी, कोरडी भाकर पाण्याबिगर उतरते का?" त्या लांबलचक बाकावर दोघी म्हणाल्या, न्हाई. त्यातली एक रडायला लागली, म्हणजे तोंड तसं झालं तिचं. डोळ्यांतून काही आलं नाही. मला तिच्याजवळ बसवेना. मी पुढं निघून गेले.

बदकाची बाटली

प्रमाणपत्र मिळालं. त्यात लिहिलं होतं की अध्यापन करू शकतील, मात्र पाणी सतत जवळ ठेवणे आवश्यक. नोकरी त्या 'मात्र'वर टिकली होती. प्रकाशनं परभणीच्या बाजारातून वॉटरबॅग आणली, लहान मुलांची, निळ्या पट्ट्याची, वर बदकाचं चित्र. दुकानात दुसरी नव्हती म्हणाला. मी ती घरून भरून पिशवीत लपवून न्यायला लागले आणि फळ्याकडं तोंड करून घोट घ्यायला लागले.

महिन्याभरानं आबा आले. खोलीत खुंटीला बॅग टांगलेली.

"कोणाचं लेकरू आलंय?"

"कोणाचं नाही आबा. माझी आहे ती. शाळेत न्यायला."

ते तिच्याकडं बघत खाली बसले. "शाळेतला माठ फुटला व्हय?"

"नाही."

"मंग हात लावू देईनात?"

"देतात. आबा, मला आजार झालाय. तोंडाला कोरड पडते, सारखं पाणी..."

"मला बी व्हता तो आजार," आबा म्हणाले. "तहान म्हंतेत त्याला."

चहा घेतला नाही. एसटीची वेळ झाली म्हणून निघाले. एसटीला अजून तीन तास होते. ते ओट्यावरून उतरून फाट्याकडं चालत गेले, वळून बघितलं नाही. नंतर सात महिने आले नाहीत. लग्नात भेटले तर माठाची गोष्ट सांगत नव्हते. कोणी काढली तरी दुसरीकडं बघायचे. त्या सात महिन्यांत मी जितकी खचले तितकी टीपकागदाच्या दिवशीही खचले नव्हते. एकदा तर राजीनामा लिहून पेटीत ठेवला.

शेवटी मीच गेले. आबा जेवायला बसत होते. मी त्यांच्यासमोर बसले. कितीतरी वर्षांनी.

"माय, मला कोरडी भाकर दे. पाणी ठेवू नको."

मायनं आबांकडं बघितलं आणि भाकर वाढली. मी तुकडा तोंडात घातला. चावला. चावत राहिले. आबांचा हात ताटात थांबला.

"गिळ," ते म्हणाले.

मी प्रयत्न केला. घास घशाच्या तोंडाशी अडकला, ठसका लागला, श्वास कोंडला. माय उठली तसं मी हातानं तिला थांबवलं. मग मी आबांसमोर तोंड उघडलं. भाकरीचा कोरडा भुगा तसाच्या तसा, भेगा पडलेली जीभ आणि दातांचे खुंट. स्वतःच्या बापाला मी तोंड उघडून दाखवलं.

आबांचे गुडघे वाजले. ते उठून रांजणापाशी गेले, तांब्या भरला आणि माझ्या हातात दिला. मी पिऊन होईपर्यंत उभे राहिले.

"किती वर्सं झाली?"

"पाच."

"आन मी लोकायला सांगत हिंडलो..." जेवण तसंच राहिलं. बऱ्याच वेळानं, मी निघताना, बाहेर येऊन एवढंच म्हणाले, "ती बाटली. घरून भरून नेऊ नको. रिकामी ने. तिथल्या माठातून भर."

पदर

आबा एक्क्याण्णवच्या उन्हाळ्यात गेले. आमच्याकडं पाहुण्यांतली बाई दारात आली की घरच्या बाईनं तिच्या गळ्यात पडून रडायचं. दिवसभर येत होत्या. मी प्रत्येकीच्या गळ्यात पडले. आवाज फुटायचा नाही आणि डोळे नुसते लाल. ओसरीवरून आत्याचा आवाज आला, "शिकल्याली हाय ती. तिच्या डोळ्याला पाणी कुठून येईल?"

माझ्या पर्समध्ये थेंबांची बाटली होती. मागच्या दारी जाऊन दोन दोन थेंब घातले असते तर सगळ्यांचं समाधान झालं असतं. मी तिला हात लावला नाही. आबांसाठी बाजारातलं पाणी गालावर दाखवायचं नव्हतं मला.

माय जवळ आली. तिनं माझं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि पदरानं गाल पुसले. पुसण्यासारखं काही नव्हतं. तरी ती पुसत राहिली, सगळ्यांच्या देखत.

आज

कोणी बरं वाटावं म्हणून हे वाचत असेल तर मी तिला फसवणार नाही. सात वर्षांत आजार पुढंच गेला आहे. वरचे सगळे दात गेले, कवळी बसत नाही, कारण कवळीलाही ओल लागते. थायरॉईडची गोळी सुरू झाली. पायांची आग असते. दर सहा महिन्यांनी डॉक्टर मानेवर बोटं फिरवतात तेव्हा मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत राहते. मूल झालं नाही. प्रकाश आहे, शनिवारी येतो. पुष्कळ दिवस असे जातात की अंथरुणातून का उठायचं ते आठवत नाही. जानेवारीत नामविस्तार झाला, वस्तीत पेढे वाटले. माझा पेढा टाळूला चिकटून बसला आणि बायका जयघोष करत असताना मी पाणी शोधत होते.

तुमच्या घरात कोणी बाई भाकर कुस्करून खात असेल, घासागणिक पाणी मागत असेल, तिचे दात लवकर जात असतील, तर तिला हसू नका. एकाच डॉक्टरला सगळं सांगायला लावा. मी चार वर्षं सांगितलं नाही. आमच्या वस्तीत आणि शाळेत मिळून मला आतापर्यंत तिघी सापडल्या.

आता जूनमध्ये नोकरीला पंधरा वर्षं होतील. बदक पुसट झालंय. बॅग मी घरून रिकामी नेते, शाळेत गेल्यावर माठाचं झाकण काढून ओगराळ्यानं भरते आणि वर्गात टेबलावर ठेवते. यंदा सातवीचा इतिहास मी पहिल्या धड्यापासून शेवटच्या धड्यापर्यंत शिकवला. एकही धडा राहिला नाही.